खवल्याचा मासा : बेने इस्रायली स्वयंपाकघराची गोष्ट



आज एका शब्दाबद्दल बोलू या. शब्द आहे 'कोशेर'. परदेशी वाटतो, पण आपल्या चौल, रेवदंडा, अलिबागच्या किनाऱ्यावर तो शेकडो वर्षं चुलीपाशी पाळला गेला आहे. पाळणाऱ्या बायका आपल्यासारख्याच लुगडं नेसणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या, नारळ खवणाऱ्या. त्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू समाजातल्या. आपल्या आज्या त्यांना 'शनवार तेली' म्हणायच्या.

हे नाव कशावरून पडलं? या लोकांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. पण शनिवारी घाणा बंद. बैल सोडलेला, लाट थांबलेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि हे शनवार तेली. शेजाऱ्यांना एवढंच दिसत होतं. शनिवार हा ज्यू धर्मातला विसाव्याचा दिवस, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

त्यांची आडनावं आपल्या गावांची आहेत. किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर. आणि चौलचे ते चेऊलकर. ज्या गावात घाणा, त्या गावाचं नाव.

ते इथे आले कसे? त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत खांदेरी-उंदेरीजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. ती माणसं नवगावच्या किनाऱ्याला लागली. बुडालेल्यांना तिथेच पुरलं, आणि ते दफनस्थान आजही नवगावला आहे. त्या काळी या किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं आपलं चौल. जुन्या लेखांत त्याला 'चेमुल' म्हटलं आहे, अरब लेखक त्याला 'सैमूर' म्हणत. दहाव्या शतकात अल-मसुदी हा प्रवासी इथे येऊन गेला. तेराव्या शतकातल्या अल-कझविनीच्या ग्रंथात सैमूरमध्ये मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू आणि अग्निपूजक राहतात असं नोंदलेलं आहे. म्हणजे दूरदेशीची माणसं आणि त्यांचे देव आपल्या बंदराला नवे नव्हते.

गलबत बुडालं तेव्हा धर्मग्रंथही बुडाले, असं ही गोष्ट सांगते. पुढे भाषा गेली, प्रार्थना गेल्या, सणांची मूळ नावं गेली. १७३८ साली सार्टोरियस नावाच्या एका मिशनऱ्याने या लोकांबद्दल ऐकून लिहिलं, की यांच्याकडे बायबल नाही, यांना फक्त 'शेमा' ही एक प्रार्थना येते. १७६८ साली कोचीनच्या एझेकिएल रहाबी या ज्यू व्यापाऱ्याने हॉलंडला पाठवलेल्या पत्रातही तेच आहे : मराठ्यांच्या मुलखात हे तेल गाळणारे लोक राहतात, शनिवार पाळतात, शेमा म्हणतात.

मग ग्रंथ नाही, गुरू नाही, मंदिर नाही, तर धर्म राहिला कुठे? पुरुषांनी शनिवार, सुंता आणि शेमा राखला. बायकांनी काय राखलं, ते सांगणारी एक वेगळी गोष्ट आहे.

ती अशी. दाविद रहाबी नावाचा एक विद्वान ज्यू कोकणात आला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे लोक आहेत, हे ऐकून त्याला शंका आली की हे आपलेच असतील. पण खात्री कशी करायची? ग्रंथ विचारावा तर ग्रंथ नाही. त्याने बाजारातून निरनिराळे मासे आणले, एका घरातल्या बायकांपुढे ठेवले आणि म्हणाला, हे शिजवून द्या. बायकांनी टोपली पुढे ओढली आणि मासे वेगळे केले. पर आणि खवलं असलेले एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला. हे दुसऱ्या बाजूचे आम्ही खात नाही, म्हणाल्या. का खात नाही, ते त्यांना सांगता आलं नाही. आमच्यात खात नाहीत, एवढंच त्यांना माहीत होतं. रहाबीची खात्री पटली.

हा रहाबी केव्हा आला यावर इतिहासकारांची दोन मतं आहेत. काही जण ही घटना हजार वर्षांपूर्वीची मानतात, तर काही जण तो कोचीनच्या रहाबी घराण्यातला, अठराव्या शतकातला मानतात. तोंडी चालत आलेली ही गोष्ट आहे, तिचा कागद नाही. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी बेने इस्रायलींचा जो इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला आणि जो १९३७ साली छापला गेला, त्यात तिला मानाची जागा मिळाली. आपल्याला महत्त्वाचं हे, की एका समाजाने आपल्या ओळखीचा पुरावा म्हणून बायकांच्या हातची माशांची वाटणी सांगितली. पोथीची किंवा राजाच्या सनदेची गोष्ट त्यांनी केली नाही.

आता ही वाटणी नेमकी काय ते पाहू. कोशेर म्हणजे योग्य, चालण्याजोगं. ज्यूंच्या धर्मग्रंथात, तोरामध्ये, काय खावं आणि काय नाही याचे नियम दिले आहेत. पाण्यातल्या जीवांसाठी नियम एकच : पर हवेत आणि खवलंही हवी. दोन्ही असतील तरच खायचं.

आपल्या बाजारातल्या टोपलीला हा नियम लावून पाहा. रावस, बांगडा, बोय चालतात. आपल्या खारेपाटातला जिताडा तर चालतोच, त्याची खवलं नाण्याएवढी. सुरमई आणि पापलेट? त्यांची खवलं बारीक, जाळ्यात ओढतानाच गळून जातात. पण नियम असा की पाण्यात असताना खवलं होती ना, मग मासा चालतो. आणखी एक बारकावा आहे. खवलं नखाने काढलं तर कातडी न फाटता सुटलं पाहिजे. मुशीची कातडी खरखरीत असते, पण तिच्यावरचे काटे तसे सुटत नाहीत, म्हणून मुशी बाद. वाकटी बाद, शिंगाळा बाद, वामही बाद.

आणि कोळंबी, चिंबोरी, शेवंड, कालवं, तिसऱ्या, माकुल हे सगळंच बाद. जवळासुद्धा. मैत्रिणींनो, इथे जरा थांबा. पावसाळ्यात होड्या बंद असतात, भाजी महाग असते, तेव्हा आपल्याकडे गरिबाचं कालवण कशाचं? सुक्या जवळ्याचं, सोड्यांचं. ओहोटीला खडकावर जाऊन कालवं फोडून आणली की पैसा न लागता जेवण होतं. घाणा चालवणारं घर काही श्रीमंत नव्हतं. समोरचा समुद्र फुकट देत होता आणि त्या बायका ते घेत नव्हत्या. का नाही, हे सांगणारा ग्रंथ घरात नसतानाही घेत नव्हत्या. नियम पाळायला काय पडतं, ते घर चालवणाऱ्या बाईलाच कळेल.

आता मटणाकडे वळू. जनावराचे खूर दुभंगलेले हवेत आणि ते रवंथ करणारं हवं. शेळी, मेंढी, गाय, म्हैस या नियमात बसतात. डुकराचे खूर दुभंगलेले असतात, पण ते रवंथ करत नाही, म्हणून वर्ज्य. उंट रवंथ करतो, पण त्याचे खूर तसे नसतात, म्हणून तोही वर्ज्य. गाय नियमात बसत असली, तरी बेने इस्रायलींनी कोकणात गोमांस टाळलं. शेजार सांभाळायचा तर शेजाऱ्याच्या मनाचाही विचार करायला हवा, हे त्यांनी नियमात घालून घेतलं. कोंबडी चालते, पण शिकारी पक्षी चालत नाहीत.

जनावर योग्य असलं तरी कापणं योग्य हवं. शिकलेल्या माणसानेच कापायचं, प्रार्थना म्हणून, एका सलग फिरवण्यात. सुरीला दाताएवढाही खाच चालत नाही. कापण्याआधी आणि नंतर तिची धार नखावर फिरवून तपासतात. नंतर फुप्फुस वगैरे बघून जनावर आजारी नव्हतं ना, याची खात्री करतात. काही भागांची चरबी काढून टाकतात.

इथून पुढचं काम बाईचं. रक्त खायचं नाही, हा कडक नियम आहे. म्हणून मांस अर्धा तास पाण्यात भिजवायचं, मग सगळ्या बाजूंनी जाडं मीठ लावून तासभर उतरत्या फळीवर किंवा जाळीवर ठेवायचं, म्हणजे रक्त निथळून जातं. मग तीन पाण्यांनी धुवायचं. कलेजीत रक्त जास्त, तिला मीठ पुरत नाही. ती थेट निखाऱ्यावर भाजायची. अंडं फोडताना आधी वाटीत फोडायचं, रक्ताचा ठिपका दिसला तर टाकायचं. पालेभाजी, पीठ, तांदूळ निवडून घ्यायचे, कारण किडा-अळी पोटात जाता कामा नये. मेथी निवडताना आपण जशी पानं उजेडाला धरतो, तसंच.

तिसरा मोठा नियम दूध आणि मांस वेगळं ठेवण्याचा. करडू त्याच्या आईच्याच दुधात शिजवू नये, असं तोरामध्ये तीन ठिकाणी बजावलं आहे. त्यावरून पुढे नियम वाढत गेला. मांस आणि दूध एकत्र शिजवायचं नाही, एकत्र खायचं नाही. मटण खाल्ल्यावर काही तास दही-दूध नाही. कडक पाळणाऱ्या घरात भांडीही दोन जातींची, दुधाची वेगळी आणि मांसाची वेगळी. धान्य, भाजी, फळं, अंडी ना दुधात मोडतात ना मांसात, ते दोन्हींबरोबर चालतात.

या नियमावर आपल्या वाडीतल्या झाडाने सोपा तोडगा दिला. नारळ! मटणाच्या रश्शाला दाटपणा हवा, दही घालता येत नाही, तर नारळाचं दूध घाला. मटणाच्या जेवणानंतर गोड हवं, दुधाची बासुंदी चालत नाही, तर नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा करा. गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात आटवलेला हा हलवा बेने इस्रायली घरात नव्या वर्षाला होतो. जगातल्या इतर ज्यू बायकांना या नियमाने जिथे अडचण होते, तिथे आपल्या कोकणातल्या बाईची खवणी कामाला आली.

द्राक्षांचंही तसंच. द्राक्षाच्या दारूबद्दल कोशेरचे नियम फार कडक. ती ज्यूंनीच केलेली हवी. शुक्रवारी संध्याकाळी विसाव्याच्या दिवसाचं स्वागत द्राक्षाच्या पेयाने करायचं, पण कोकणात ती दारू आणायची कुठून? म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुस्करून घरच्या घरी सरबत करायची पद्धत पडली. ती आजही आहे.

सणांची नावं तर ऐकाच. ग्रंथातली हिब्रू नावं विसरली गेली, तेव्हा ती स्वयंपाकघरातून नव्याने पडली. नव्या वर्षाचा तो 'नव्याचा सण'. नव्या धान्याची खीर करायची तो 'खिरीचा सण'. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचे जे दिवस, त्यात मांस वर्ज्य आणि वालाचं बिरडं, म्हणून तो 'बिरड्याचा सण'. वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलायचा. त्या कामात किती बायका बसतात आणि किती बोलणं होतं, ते आपल्याला सांगायला नको. आणि ज्या सणात ज्यू लोक आंबवलेलं काही खात नाहीत, त्याचं इथलं नाव होतं 'अनाशी ढाकाचा सण', म्हणजे आंबट रसाचं मडकं झाकून ठेवायचा सण. आंबवलेलं का खायचं नाही ही कथा विसरली होती. मडकं झाकायचं तेवढं हाताला माहीत होतं.

आपल्यातल्या कुणी विचारेल, मग हे हलालसारखंच की. काही गोष्टी सारख्या आहेत. डुक्कर आणि रक्त दोघांनाही वर्ज्य, प्रार्थना म्हणून कापणं दोघांकडेही. पण उंट मुसलमानांना चालतो, ज्यूंना नाही. कोळंबी बरेच मुसलमान खातात. दूध-मांस वेगळं ठेवण्याचा नियम मुसलमानांत नाही. आणि आपल्याकडच्या सोवळ्याशीही याची गल्लत करू नये. कुणाच्या स्पर्शाने अन्न विटाळतं, ही कल्पना कोशेरच्या मुळाशी नाही. नियम मुख्यतः अन्न कुठलं आणि ते कसं तयार केलं, याबद्दल आहे.

बचत गटातल्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट. हा शब्द आता पाकिटांवरही येतो. परदेशी जाणारे मसाले, सुका मेवा, तयार खाद्यपदार्थ यांच्यावर कधी गोलातलं इंग्रजी अक्षर किंवा 'कोशेर' असा शिक्का दिसतो. त्यासाठी ज्यू धर्मगुरू किंवा त्यांचा माणूस कारखान्यात येऊन कच्चा माल, यंत्रं, धुण्याची पद्धत बघतो. आपल्याकडचा हिरवा ठिपका म्हणजे कोशेर, असं समजू नका. द्राक्षाचा रस शाकाहारी असतो, पण कोशेर असेलच असं नाही. अळी न बघता सुकवलेला पाला शाकाहारी म्हणून विकला जातो, कोशेरमध्ये तो अडतो. म्हणजे निवडण्या-पाखडण्याचं जे काम आपण बिनमोल करतो, त्याची तिथे तपासणी होते आणि पैसे मोजून शिक्का मिळतो.

आता गोष्टीच्या पुढच्या भागाकडे जाऊ. रहाबीने तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून तयार केलं, झिराड, राजपूरकर आणि शापूरकर. त्यांना 'काजी' म्हणू लागले. पुढे कोचीनच्या आणि बगदादी ज्यूंशी संबंध आला, ग्रंथ आले, शाळा आल्या. १७९६ साली मुंबईत सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी बेने इस्रायलींचं पहिलं सिनेगॉग बांधलं. आपल्या भागात रेवदंड्याला आणि अलिबागलाही सिनेगॉग उभी राहिली. अलिबागचं 'मागेन आबोथ' १८४८ सालचं, आजची इमारत १९१० सालची. लोक तिला 'मशीद' म्हणत. १८४६ साली वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी मराठीत छापली गेली. १८७४ साली पुण्यात छापलेल्या पोथीत तर बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या लुगड्यातल्या बायकांची चित्रं आहेत. ज्यांनी मडकं झाकून सण राखला होता, त्या शेवटी पोथीत आल्या.

मग १९४८ साली इस्रायल देश झाला. तेव्हा आपल्याकडे सुमारे २०,००० बेने इस्रायली होते. पुढच्या वर्षांत घरामागून घर निघालं. डिमोना, अश्दोद, लोद, बेरशेबा अशा गावांत ते वसले. पण तिथे त्यांना वेगळाच प्रश्न ऐकावा लागला : तुम्ही खरे ज्यू कशावरून? १९६० नंतरच्या वर्षांत तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी सांगितलं, की बेने इस्रायली मुलगा किंवा मुलगी इतर ज्यूंशी लग्न करणार असेल, तर आई-आजीपासूनची पिढी तपासा. कित्येक लग्नं अडली. लोकांनी मोर्चे काढले, धरणं धरलं. शेवटी १९६४ साली इस्रायलच्या संसदेने जाहीर केलं, की बेने इस्रायली सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत.

या दोन परीक्षा शेजारी ठेवून पाहा. पहिलीत आईला मासे दिले आणि तिच्या हाताकडे पाहिलं. दुसरीत आईचे कागद मागितले. ज्या आजीने जवळ्याचं कालवण कधी चुलीवर ठेवलं नाही, तिच्याकडे दाखवायला कागद कुठला असणार? तिने जे राखलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे, असं तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

आज आपल्या किनाऱ्यावर बेने इस्रायली घरं फार थोडी उरली आहेत. कापायला शिकलेला माणूस जवळ नसेल, तर कडक पाळणारं घर मटण-कोंबडी सोडतं आणि मासे-भाजीवर राहतं. खवल्याचा मासा निवडायला धर्मगुरू लागत नाही, बाई पुरते. म्हणून सगळे नियम गळाले, तरी हा टिकला. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागजवळ सागाव-खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या खडकापाशी आजही देशोदेशीची कुटुंबं येतात आणि गोड पोहे, खोबरं आणि फळांचा मलिदा वाटतात. त्यातली कित्येक मुलं मराठी मोडकी बोलतात, पण मलिदा कसा लावायचा ते त्यांच्या आईला येतं.

मैत्रिणींनो, पुढच्या गटाच्या बैठकीत एक काम करा. आपल्या घरात काय खात नाहीत, केव्हा खात नाहीत, कुठलं भांडं कशाला लावत नाहीत, हे प्रत्येकीने सांगा आणि एकीने वहीत लिहा. कारण ठाऊक नसेल तर तेही तसंच लिहा. वहीवर तारीख घाला, सांगणारीचं आणि तिच्या माहेरच्या गावाचं नाव घाला. गावात बेने इस्रायली मावशी असेल, तर तिला बोलवा आणि चिकाचा हलवा तिच्याकडूनच शिका. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्या.